जेसीबी यायच्या आधी: कोल्हापूरच्या कडेचा माळ, तळं आणि ओढा वाचवायचा कसा

कपिलतीर्थ मार्केटात भाजी घेताना पायाखाली कधीकाळी तळं होतं, हे आता आजीच्या पिढीलाही ऐकूनच माहीत असतं. गांधी मैदानाचं जुनं नाव वरुणतीर्थ. पावसाळ्यात तिथं पाणी का साचतं, असं दरवर्षी कुणीतरी नव्यानं विचारतं. नावातच उत्तर आहे. शहराच्या पोटातली तळी आपल्या आधीच्या लोकांनी बुजवली. आता पाळी आहे कडेच्या जागांची: पाचगाव-मोरेवाडीकडचे माळ, कळंब्याच्या वरच्या अंगाचे ओढे, पंचगंगेच्या दोन्ही काठांवरची पाणथळ शेतं आणि पन्हाळ्याच्या बाजूचे कातळसडे. तिथं टिटवी, चंडोल, रातवा, ससा, साळिंदर, घोरपड आहेत. हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात, आणि दर आठवड्याला प्लॉटिंगचा नवा फलक लागतो.

आमची पहिली लढाई आम्ही हरलो, ती का हरलो हे आधी सांगतो. उपनगराच्या मागं एक पाणथळ जागा होती. भराव पडायला लागल्यावर आम्ही चाळीस-पन्नास जण धावलो. मालकानं शांतपणे फाईल काढली: झोन रहिवासी, लेआउट मंजूर, चलन भरलेलं. आमच्याकडं पक्ष्यांचे दोनशे फोटो होते, पण कुठल्या गटातले, कुठल्या तारखेचे, हे एकावरही नव्हतं. साहेबांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. त्या दिवशी कळलं की जेसीबी हा या गोष्टीचा शेवटचा अंक असतो. जागा मरते ती त्याच्या तीन-चार वर्षं आधी, नकाशावर रहिवासी विभागाचा पिवळा रंग चढतो तेव्हा. म्हणून खालची सगळी पद्धत त्या पिवळ्या रंगाच्या आधी पोचण्यासाठी आहे. उशीर झालाच असेल तर काय करायचं, तेही पुढं आहे.

आधी जागेची कुंडली काढा

‘तो माळ’, ‘ते तळं’ असं कुठल्याही कार्यालयात चालत नाही. गट नंबर लागतो. महाभूलेखवर सातबारा आणि भूनकाशावर गटाची आकृती मिळते. तलाठ्याकडून फेरफार घ्या, जमीन कुणाकडून कुणाकडं आणि कधी गेली हे त्यात दिसतं. एकाच वर्षात शेजारशेजारच्या पाच गटांचे फेरफार एकाच नावावर झाले असतील तर पुढं काय येणार ते ओळखा.

सातबाऱ्यावर दोन ठिकाणी नजर ठेवा. पहिलं ‘इतर हक्क’. तिथं खाजगी वनाचा शेरा, भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ ची नोंद, देवस्थान इनाम किंवा पुनर्वसनासाठी राखीव असं काही असेल तर चित्रच बदलतं. आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी भरपूर आहेत आणि त्यांच्या विक्रीवरच बंधन असतं. दुसरं ‘पोटखराब’. हा शब्द महसुलाचा: पिकाला निकामी, म्हणून खराब. पण आपल्याला हवं ते बहुतेक याच रकान्यात राहतं. चंडोलाला नांगरट नको असते, त्याला मोकळं खुरटं गवत लागतं. कातळावरच्या पावसाळी फुलांना तर माती जितकी कमी तितकं बरं. कागदावर जी जमीन ओसाड, ती बिल्डरच्या दृष्टीनं स्वस्त, आणि स्वस्त म्हणून पहिल्यांदा जाते.

जमीन गायरान असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निकाल आहे, त्यावर राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आहे आणि जमीन महसूल अधिनियमात गायरानाचा वापर बदलण्यावर वेगळी बंदी आहे. मात्र जपून. गायरानावर पिढ्यानपिढ्या घर बांधून राहिलेली गरीब माणसंही आहेत. त्यांच्या पायावर धोंडा पाडून माळ वाचवायला गेलात तर गाव तुमच्यामागं उभं राहणार नाही, आणि राहूही नये.

मग झोन, म्हणजे योजनेत जमीन कुठल्या वापरासाठी दाखवलीय ते. महापालिका हद्दीत असाल तर पालिकेचा नगररचना विभाग, हद्दीबाहेरच्या गावात असाल तर २०१७ मध्ये ४२ गावांसाठी झालेलं कोल्हापूर क्षेत्र नागरी विकास प्राधिकरण, त्याही पलीकडं नगररचनेचं जिल्हा कार्यालय. गट नंबर देऊन झोन दाखला मागा. हद्दवाढीच्या भांडणात गावं इकडं जातील की तिकडं याची चर्चा चालूच राहील. तुम्ही मात्र दाखल्यावर आज कुणाची सही चालते तेवढं बघा.

वर्षभराच्या नोंदी: इथं घाई नको

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. नंतरची प्रत्येक हरकत, प्रत्येक शपथपत्र या वहीवर उभं राहतं.

एक वाट ठरवा, दीडेक किलोमीटरची. पंधरा दिवसांतून एकदा, सूर्योदयानंतरच्या तासाभरात, तीच वाट चाला. जून ते पुढचा मे असं पूर्ण वर्ष झालं तर उत्तम. ते जमत नसेल तर निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा. प्रत्येक फेरीला तारीख, वेळ, हवामान, काय दिसलं, किती दिसलं आणि ते काय करत होतं हे लिहा. ‘टिटवी दिसली’ यापेक्षा ‘टिटवी, जोडी, जमिनीवर चार अंडी’ याला वजन आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये शिकारीची व्याख्या अशी आहे की पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी-घरटी नष्ट करणंही तीत बसतं. म्हणून वीण ही सर्वांत महत्त्वाची नोंद. घरट्याची नेमकी जागा मात्र फेसबुकवर टाकू नका. फोटो काढणारेच तिथं झुंडीनं येतात.

नोंदी ई-बर्ड आणि आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर चढवत राहा. मोबाईलचं लोकेशन चालू ठेवून फोटो घेतला की ठिकाण आणि तारीख आपोआप बसते आणि ओळख दुसरे जाणकारही तपासतात. जागेचे फोटो काढताना चौकटीत एक न हलणारी खूण घ्या: विजेचा मनोरा, देऊळ, जोतिबाच्या डोंगराची रेघ. सहा महिन्यांनी तोच फोटो तिथूनच काढा. भराव किती चढला हे सांगायला दुसरं काही लागत नाही. गुगल अर्थवर जुन्या वर्षांची उपग्रहचित्रं मिळतात. दहा-पंधरा वर्षांची, शक्यतो पावसाळा संपतानाची आणि उन्हाळ्याची, जपून ठेवा. ‘इथं कधी पाणी नव्हतंच’ या वाक्याचा तो रोख जबाब आहे.

आणि मेंढपाळांना विचारा. खोकड कुठल्या बांधात बीळ करते, लांडगा शेवटचा कधी दिसला, कुठलं पाणी मेपर्यंत टिकतं, हे धनगर बाबांना जितकं माहीत असतं तितकं पदवीधरांना नसतं. त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत, नाव लिहायला त्यांची परवानगी घेऊन, वहीत उतरवा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांतले विद्यार्थी प्रकल्पासाठी जागा शोधत असतात. तुमची जागा सुचवा. विद्यापीठाचं ८५३ एकरांचं आवार हेच शहराला लागून केवढं जगू शकतं याचं चालतं उदाहरण आहे.

या नोंदी गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीत चढल्या पाहिजेत. जैविक विविधता अधिनियम २००२ प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. बऱ्याच गावांत ती कागदावर आहे आणि सदस्यांनाच ठाऊक नसतं. ग्रामसभेत विषय मांडून तिला जागं करा. खाजगी वहीतली नोंद आणि शासकीय नोंदवहीतली नोंद यांत न्यायालयात फरक पडतो.

कुठला कायदा कुठं लागतो, खरं खरं

पाणथळ जागेसाठी २०१७ चे पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियम आहेत. नियम ४ प्रमाणे अशा जागेचा वापर बदलणं, अतिक्रमण, कचरा टाकणं आणि गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकाम करणं याला बंदी आहे. पण याच नियमांत मोठं भगदाड आहे. नदीचं पात्र, भातशेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी माणसानं बांधलेले तलाव त्यातून वगळलेत. कळंबा तलाव पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला, म्हणजे समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे वाक्य वाचून दाखवणार. त्यावरचा आधार म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा आदेश: राष्ट्रीय पाणथळ अॅटलस या नकाशासंग्रहातल्या सव्वादोन हेक्टरांवरच्या २,०१,५०३ जागा आधीच्या, २०१० च्या नियमांतल्या नियम ४ च्या तत्त्वांनुसार जपा. म्हणून तुमची जागा अॅटलसमध्ये आहे का, हे आधी बघा.

नदीकाठी पूररेषा हे सगळ्यात धारदार हत्यार आहे, आणि ते पक्ष्यांसाठी नव्हे तर माणसांसाठी बनलंय म्हणूनच धारदार. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू असलेल्या एकत्रित विकास नियमावलीत निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम जवळजवळ निषिद्ध आहे. निळ्या-लालच्या मध्ये अटींवर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. प्लॉट बघायला आलेल्या माणसाला बगळ्याचं काही पडलेलं नसतं, पण ‘२०१९ ला इथं किती पाणी होतं?’ हा प्रश्न तो घरी घेऊन जातो. शेजारच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणांचे फोटो जमवून ठेवा.

वनजमीन असेल, किंवा सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असेल, तर केंद्राच्या मंजुरीशिवाय तिचा वापर बदलत नाही. राधानगरी अभयारण्याच्या भोवतालच्या गावांत पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना बघा. गावांची यादी आणि काय चालतं, काय चालत नाही, याचा तक्ता तिच्यातच असतो. १९५८ मध्ये गव्यांसाठी राखलेलं दाजीपूर १९८५ मध्ये वाढून ३५१ चौरस किलोमीटरचं झालं, तरी गवा नकाशा वाचून चालत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये तो शहराच्या उंबऱ्यापर्यंत आला होता. अभयारण्याबाहेरच्या ओढ्याकाठच्या झाडीच्या पट्ट्याही म्हणून मोजाव्या लागतात.

राहिला खाजगी मालकीचा कोरडा माळ. त्याच्यासाठी स्वतंत्र कायदा नाही. वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूचीतला प्राणी तिथं दिसतो एवढ्यावर बांधकाम थांबत नाही. मी स्वतः हे गृहीत धरून तोंडघशी पडलोय. माळासाठी पुढचाच टप्पा कामाला येतो.

पिवळ्या रंगाच्या आधी: हरकत

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये सामान्य माणसाला बोलायला जागा आहे, पण ती खिडकी थोडाच वेळ उघडते. प्रारूप विकास योजना प्रसिद्ध झाली की कलम २६ खाली ३० दिवस. मंजूर योजनेत एखाद्या गटापुरता फेरबदल असेल तर कलम ३७ खाली एक महिना. प्रादेशिक योजनेतल्या जमिनीचा शेती विभाग बदलून रहिवास करायचा असेल तर कलम २० खाली सूचना निघते. सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येतात, त्याही आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, शोकसंदेशांच्या शेजारी. आमच्या गटात एक निवृत्त मास्तर रोज सकाळी तेवढंच पान वाचतात. हे काम एकाच माणसावर सोपवा, सगळ्यांवर सोपवलं की कुणीच करत नाही.

हरकत भावनेची नको. ती साधारण अशी लिहा:

‘विषय: मौजे ___, ता. करवीर, गट क्र. ___ हा शेती विभागातून रहिवास विभागात समाविष्ट करण्यास हरकत. १) सदर गटातून ___ ओढा वाहतो, गाव नकाशाची प्रत सोबत. २) गटाचा ___ भाग निळ्या पूररेषेच्या आत येतो, नकाशा सोबत. ३) जून ___ ते मे ___ या काळातील ___ फेऱ्यांमध्ये ___ जातींच्या नोंदी झाल्या, यादी, तारखा व छायाचित्रे सोबत. ४) मागणी: सदर क्षेत्र शेती किंवा हरित विभागातच ठेवावे, ते शक्य नसल्यास ओढ्यालगतचा पट्टा जैवविविधता उद्यानासाठी आरक्षित करावा. ५) मला प्रत्यक्ष सुनावणीस बोलवावे.’

पाचवा मुद्दा विसरू नका. चौथ्यात दुसरा पर्याय मुद्दाम ठेवलाय. सगळं किंवा काहीच नाही अशी मागणी केली की बहुतेक वेळा काहीच मिळत नाही. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. एकाच मजकुराच्या पाचशे सह्यांपेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या पंधरा हरकती बऱ्या: एक शेतकऱ्याची पाण्यावर, एक पूरग्रस्त गल्लीची, एक मेंढपाळाची चराईवर, एक तालीम मंडळाची मैदानावर.

लेआउट मंजूर व्हायच्या बेतात असेल

पाचशे चौरस मीटरांवरची आणि आठ सदनिकांवरची योजना महारेरावर, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाकडं, नोंदवावीच लागते, प्लॉटिंगसुद्धा. संकेतस्थळावर मंजूर नकाशा आणि प्रारंभ प्रमाणपत्र बघायला मिळतं. त्यात ओढा दाखवलाय का ते पाहा. गाव नकाशावर असलेला ओढा लेआउटमध्ये गटार होतो, कधी नुसती रेघ, कधी तीही नाही. तफावत सापडली तर मंजुरी देणाऱ्या कार्यालयाला दोन्ही नकाशे जोडून लेखी कळवा.

बाकीची कागदं माहितीच्या अधिकारात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘सर्व माहिती द्यावी’ असं लिहू नका. ‘गट क्र. ___ च्या परवानगी प्रकरणातील पाटबंधारे विभागाचा ना-हरकत दाखला, स्थळपाहणी अहवाल व टिप्पणी यांच्या प्रती’ असं नेमकं मागा.

बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा जास्त असेल तर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते, तिचे अर्ज केंद्राच्या परिवेश पोर्टलवर दिसतात. गृहबांधणीला जनसुनावणी मात्र नसते, म्हणून स्वतः होऊन राज्याच्या पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरणाला लिहावं लागतं. एकाच मालकाचे शेजारशेजारचे दोन-तीन ‘टप्पे’ प्रत्येकी वीस हजारांच्या जरासे खाली असतील तर बेरीज करून दाखवा.

जेसीबी आलाच तर

अंगावर जाऊ नका, कुंपण ओलांडू नका. रस्त्यावरून तारीख-वेळेसह चित्रीकरण करा आणि तहसीलदारांकडं लेखी अर्ज देऊन पंचनामा मागा. लोकांना न सुचणारा एक प्रश्न विचारा: भरावाचा मुरूम आणला कुठून? विनापरवाना गौण खनिजाला जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. मंजूर लेआउट थांबला नाही तरी डंपर थांबतात, आणि मिळालेले आठ दिवस सोन्याचे असतात. शहरात झाडं तोडली जात असतील तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी विचारा. प्राणी अडकला किंवा घरटी मोडली जात असतील तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन. तक्रार नुसती पडून राहिली तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन असतोच.

न्यायालयात जायचं तर दार नीट निवडा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागीय पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागितलेली नसेल तर शुल्क १,००० रुपये. पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत, इतर वादात कारण घडल्यापासून सहा महिन्यांत. दोन्हीकडं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. पण न्यायाधिकरणाच्या कायद्यांच्या यादीत वन्यजीव अधिनियम नाही आणि नगररचना अधिनियमही नाही. तुमची तक्रार फक्त त्याच दोन्हींवर उभी असेल तर उच्च न्यायालय. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय. चार दशकांची मागणी वकिलांनी लावून धरली, तिचा उपयोग ओढ्यालाही होऊ द्या.

वाचलेली जागा वाचलेलीच ठेवायची तर

विकास योजनेत आरक्षण पडलं म्हणजे झालं असं नाही. कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक खरेदीची नोटीस देतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण उडतं. किती तरी बागा आणि मैदानं अशीच गेली. म्हणून आरक्षणाची तारीख आणि नोटिशीची तारीख तुमच्या वहीत हवी, आणि मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क (दुसरीकडं वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन जागा लवकर ताब्यात घ्या असा पाठपुरावा हवा. मालक हा शत्रू नव्हे. मुलीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला पैसे हवेत म्हणून जमीन काढणाऱ्या माणसाला ‘पक्षी आहेत, विकू नका’ एवढंच सांगणं उद्धटपणाचं आहे.

सरकारी जमीन असेल तर संवर्धन राखीव क्षेत्र मागता येतं; पन्हाळ्याजवळच्या मसाई पठाराला ते मिळालंय, अवघ्या ५.३४ चौरस किलोमीटरला. त्याहूनही छोटी जागा असेल तर जैविक वारसा स्थळ. आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळचं देवळाचं कुंड एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये तसं जाहीर झालं. तीच हिरण्यकेशी पुढं आपल्या आजऱ्यातून वाहते. खाजगी जमिनीवर मालकांची तयारी असेल तर समुदाय राखीव क्षेत्राचीही तरतूद आहे.

आणि लेआउट होणारच असेल, सगळे उपाय थकले असतील, तर बिल्डरच्या वास्तुविशारदाला भेटा. ०.४ हेक्टरांवरच्या लेआउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती सहसा कोपऱ्यात, उताराला, कुणाला नको तिथं टाकतात. ती ओढ्याच्या काठाला सलग लावा, तिथं लॉन आणि हायमास्ट नको, कुंपणाच्या खालून वीतभर फट ठेवा, एवढंच मागा. याला जास्तीचा खर्च नाही, त्यामुळं नकार द्यायला कारणही सापडत नाही. आम्ही हरलेल्या त्या जागेशेजारच्या दुसऱ्या लेआउटमध्ये हे जमलं. अकरा गुंठ्यांची पट्टी उरली आहे. वॉचमन सांगतो, रात्री टिटव्या झोपू देत नाहीत.